दिरांची डिसेंबरची कॅरिबियन क्रूझ आणि आपली एफडी

पत्र थोडक्यात: बडोद्याच्या एक ताई लिहितात. नवरा खाजगी कंपनीत, त्या स्वतः घरून अकाउंट्सची कामं करतात. मुलगी आठवीत, १३ वर्षांची, मुलगा तिसरीत, ८ वर्षांचा, दोघं सीबीएसईला. घरात ७१ वर्षांच्या सासूबाई. मोठे दीर-जाऊ ह्यूस्टनला, त्यांची मुलं १४ आणि १० वर्षांची, जन्माने अमेरिकन. गणपती झाल्यावर दिरांचा फोन आला की ख्रिसमसच्या आठवड्यात मायामीहून सात रात्रींची कॅरिबियन क्रूझ करू, आईलाही आणा, केबिन होल्डवर ठेवलीय, पंधरा दिवसांत कळवा. तेव्हापासून मुलं मोबाइलवर जहाजावरच्या वॉटर स्लाइड्स बघत बसलीयत. कुणाकडेच अमेरिकेचा व्हिसा नाही. महिन्याला पंचवीसेक हजार बाजूला पडतात आणि बारा लाखांची एफडी मुलीच्या अकरावी-बारावीसाठी ठेवलीय. ताईंचा प्रश्न: मुलीची शाळा आणि क्लास बुडवून, एफडी मोडून जावं का? नाही म्हटलं तर दिरांना वाटेल यांना परवडत नाही, आणि मुलं मोठी होतायत, आत्ता नाही तर कधीच नाही.

ताई, आधी त्या पंधरा दिवसांचं बघू, कारण तुमची झोप त्यानेच उडालेली दिसतेय. ती मुदत जहाज कंपनीच्या होल्डची आहे, तुमच्या घराला ती लागू करून घ्यायची काही गरज नाही. आणि खरं सांगायचं तर डिसेंबरचा निर्णय तुम्ही घ्यायच्या आधीच कॅलेंडरने घेतलाय. मायामीहून जहाजात चढायचं म्हणजे आधी अमेरिकेत उतरायचं, त्याला बी-१/बी-२ व्हिजिटर व्हिसा लागतो, आणि जहाज मधल्या बेटांवर जाऊन परत अमेरिकेतच येतं म्हणून तो मल्टिपल एंट्रीचा हवा. गुजरात मुंबईच्या कॉन्सुलेटकडे येतं, म्हणजे प्रत्येकाचा डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म, बायोमेट्रिकची अपॉइंटमेंट वेगळी, मुलाखत वेगळी. पूर्वी १४ वर्षांखालच्या मुलांना बहुतेक वेळा मुलाखतीतून सूट मिळायची, सप्टेंबर २०२५ पासून ती साधारणपणे बंद झालीय, त्यामुळे तिसरीतला मुलगासुद्धा मुंबईला बीकेसीतल्या कॉन्सुलेटला येणार असं धरून चाला. फी माणशी १८५ डॉलर, पाच जणांचे ९२५, व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाहीत (ही मूळ फी आहे, भरताना अधिकृत साइटवर त्या दिवशीचा आकडा बघूनच भरा). आणि मुलाखतीची तारीख कधी कधी काही महिने लांबची मिळते.

दुसरीकडे क्रूझवाले निघायच्या साधारण तीन महिने आधी पूर्ण पैसे मागतात, सणासुदीच्या फेऱ्यांना त्याहूनही आधी. म्हणजे तुम्हाला व्हिसा मिळणार की नाही हे कळायच्या आत सगळे पैसे भरून बसावं लागणार. अमेरिकेचं परराष्ट्र खातं स्वतःच सांगतं की व्हिसा हातात येईपर्यंत प्रवासाचं पक्कं बुकिंग करू नका. तेव्हा या डिसेंबरचं उत्तर "नाही" आणि त्याचं कारण व्हिसा. हे कारण पूर्ण खरं आहे, त्यात कमीपणा वाटायचं काही नाही. दिरांना कदाचित हे सुचलंही नसेल, कारण त्यांच्या मुलांसारख्या अमेरिकन नागरिकांना, ज्या बंदरातून निघते तिथेच परत येणाऱ्या क्रूझला पासपोर्टशिवाय, नुसत्या जन्मदाखल्यावर आणि ओळखपत्रावर जाता येतं. त्यामुळे तिकडच्या व्हिडिओंमध्ये "पासपोर्टची गरज नाही" असं सर्रास ऐकू येतं. ते आपल्यासाठी नाहीये.

आता "आत्ता नाही तर कधीच नाही" याबद्दल. हे वाक्य तुमच्या पत्रात दोनदा आलंय आणि मला वाटतं सगळा गुंता यानेच झालाय. भारतीयांना हा व्हिसा मिळतो तेव्हा साधारणपणे दहा वर्षांचा मिळतो, मुलांनासुद्धा. मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांनी संपला तरी जुन्या पासपोर्टातला व्हिसा चालू राहतो, दोन्ही पासपोर्ट सोबत ठेवायचे एवढंच. म्हणजे एकदा काम झालं की मुलगा अठरा वर्षांचा होईपर्यंत तुम्हाला वेळ आहे. मोठी मुलं आईबाबांबरोबर येत नाहीत ही भीती मी समजू शकते, पण १६ वर्षांच्या मुलीला जहाजावर १३ पेक्षा जास्त मजा येते असंच मला आजूबाजूच्या घरांतून दिसलंय, तिला बंदरावर उतरल्यावर जे दिसतं ते कळायला लागलेलं असतं. आठ वर्षांच्या मुलाला मात्र स्लाइड आणि स्विमिंग पूल मिळाला की तो बडोद्याजवळच्या वॉटरपार्कलाही तेवढाच खूश, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार.

शाळा बुडवण्याबद्दल म्हणाल तर आठवीत आठ-दहा दिवस बुडले म्हणून काही बिघडत नाही, मी त्याचा फार बाऊ करणार नाही. पण बडोद्याहून मायामी हे चोवीस तासांच्या वर जातं, त्यात आपल्यात आणि तिथे डिसेंबरात साडेदहा तासांचा फरक, म्हणजे सात रात्रींच्या क्रूझला पुढेमागे धरून पंधरा दिवस लागतात, आणि परत आल्यावर आठवडाभर पोरं रात्री दोनला टक्क जागी. शिवाय ख्रिसमसचा आठवडा हा कॅरिबियनमधला सगळ्यात महागड्या आठवड्यांपैकी एक. तुम्ही तुमच्या मुलीची शाळा बुडवून सगळ्यात महाग भावाने जाणार, हे गणित मला पटत नाही.

मग केव्हा? इथे आपल्या बाजूने एक चांगली गोष्ट आहे जी फार कमी लोक लक्षात घेतात. कॅरिबियनमध्ये वादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यातही खरा जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. म्हणजे आपली दिवाळीची सुट्टी या मोसमाच्या शेपटात येते, पण आपली मे महिन्याची सुट्टी बरोबर त्याच्या आधी. आणि मेमध्ये अमेरिकेतल्या बऱ्याच शाळा चालू असतात म्हणून दर जून-जुलैपेक्षा उतरलेले असतात. टेक्सासच्या शाळा साधारण मेच्या शेवटाला सुटतात, आपल्याकडे शाळा जूनमध्ये पुन्हा उघडतात, म्हणजे दिरांची मुलं आणि तुमची मुलं दोघांनाही सुट्टी आहे असा मे अखेर ते जूनचा पहिला आठवडा एवढा तुकडा मिळतो. जूनच्या सुरुवातीला मोठं वादळ येणं फारसं घडत नाही. फक्त मे महिन्याचा शेवटचा सोमवार त्यांच्याकडे सुट्टीचा असतो, त्या शनिवार-रविवारी निघणाऱ्या फेऱ्या टाळा.

आणि मायामीच कशाला? दीर ह्यूस्टनला राहतात, तिथून तासाभराच्या अंतरावर गॅल्व्हस्टन नावाचं मोठं क्रूझ बंदर आहे, तिथून मेक्सिकोचं कोझुमेल, कोस्टा माया, होंडुरासचं रोआतान, कधी ग्रँड केमन आणि जमैका अशा फेऱ्या निघतात, सात रात्रींच्या आणि चार-पाच रात्रींच्यासुद्धा. तुम्ही आधी चार दिवस दिरांकडे राहा, मुलांची झोप जागेवर येऊ दे, हॉटेलचा खर्च नाही, अमेरिकेतल्या अमेरिकेत आणखी एक विमान नाही. जहाज कुणासाठी थांबत नाही, विमान उशिरा आलं तर तुमच्याविना निघून जातं, म्हणून ज्यांचे तिकडे कुणी नातेवाईक नाहीत त्यांनीही मुलं बरोबर असताना दोन दिवस आधी पोचायचंच.

आता पैसे. दीर म्हणाले असतील की एकदा केबिनचे पैसे भरले की सगळं त्यात आलं. निम्मंच खरं आहे. भाड्यात केबिन, मुख्य डायनिंग आणि बुफेचं जेवण, शो, पूल आणि मुलांचा किड्स क्लब येतो. टिप मात्र वेगळी, मोठ्या कंपन्यांत माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर, मुलांचीसुद्धा पूर्ण, म्हणजे पाच जणांचे सात रात्रींचे सहाशे डॉलरच्या आसपास इथेच गेले. वायफाय वेगळं, कोल्ड्रिंक वेगळं, बंदरावरच्या सहली वेगळ्या, काही खाजगी बेटांवरचा वॉटरपार्कही वेगळा, मुलं नेमका तोच व्हिडिओत बघत असतात. मोबाइल जहाजावर चढल्याबरोबर एअरप्लेन मोडवर टाकायचा, नाहीतर जहाजाच्या नेटवर्कचं रोमिंग बिल घरी आल्यावर रडवतं. प्रवास विम्यात मेडिकल इव्हॅक्युएशन, म्हणजे आजारी माणसाला जहाजावरून हॉस्पिटलात हलवायचा खर्च, आहे ना हे बघून घ्या, जहाजावरचा डॉक्टर खूप महाग पडतो. आणि या सगळ्याच्या वर विमानाची तिकिटं, मे महिन्यात एकेक लाखाच्या वर सहज जातं, पाच तिकिटं म्हणजे बऱ्याचदा क्रूझपेक्षा मोठा आकडा. इथल्या एजंटकडून परदेशी पॅकेज घेतलंत तर त्यावर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच घेतला जाणारा कर, कापतात, तो तुमच्या इन्कम टॅक्समध्ये वळता करून घेता येतो पण पैसे आधी तर भरावेच लागतात.

म्हणून माझं मत सरळ सांगते, एफडी मोडू नका. ती मुलीच्या अकरावी-बारावीसाठी ठेवलीत ना, मग ती तिथेच असू दे. येत्या मेपर्यंत तुमच्याकडे महिन्याच्या बाजूला टाकलेल्या पैशातून दोन लाख होतील, त्यात तुमचं जमत नाही, स्वतःला ओढून ताणून जमवूही नका. पण मुलीची दहावीची बोर्डाची परीक्षा संपून जो मे येईल तोवर जवळजवळ अडीच वर्षं आहेत, पंचवीस हजारांची रिकरिंग आजपासून सुरू केली तर साडेसात लाख मुद्दल होते, वर व्याज. आणि दहावीनंतरची सुट्टी ही मुलांच्या आयुष्यातली सगळ्यात मोकळी सुट्टी. तेव्हा गॅल्व्हस्टनहून चार-पाच रात्रींची फेरी, मेच्या अखेरीला. सात रात्रीच हव्यात हा हट्ट सोडला तर भाडं आणि टिप दोन्ही बरंच खाली येतं, आणि मुलांना चार रात्री भरपूर होतात.

पण ताई, पत्र दुसऱ्यांदा वाचताना मला असं वाटलं की तुम्हाला ओढ समुद्राची कमी आणि चार भावंडं एकत्र यावीत याची जास्त आहे. तुम्ही लिहिलंय की शेवटची भेट झाली तेव्हा धाकटा दोन वर्षांचा होता. हे जर मुख्य असेल तर क्रूझ त्यासाठी फार चांगली जागाही नाही. किड्स क्लबमध्ये वयाप्रमाणे गट पाडतात, काही जहाजांवर ६ ते ८ आणि ९ ते १२ असे, म्हणजे तुमचा आठ वर्षांचा आणि त्यांचा दहा वर्षांचा वेगवेगळ्या खोल्यांत जायचे. दोन्ही मोठी टीन क्लबला. मुद्दाम ठरवलं नाही तर भावंडं जेवायच्या टेबलावरच भेटतील.

तेव्हा दिरांना उलटं आमंत्रण द्या. त्यांची डिसेंबरची रजा ठरलेलीच आहे, तर सगळ्यांना घेऊन बडोद्याला या म्हणावं. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे तसाही अर्धा अमेरिका उतरलेला असतो. सासूबाईंना पाच माणसांच्या व्हिसाशिवाय मुलगा भेटतो, पोरं कमाटीबागेत आणि गच्चीवर पतंग उडवत एकत्र राहतात, आणि जहाजाची हौस असेल तर हिवाळ्यात कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीप असं दोन-तीन-चार रात्रींचं जातं, व्हिसा नको, मुलीचे फार तर एक-दोन दिवस बुडतील. यातून एक फार महत्त्वाची गोष्ट कळते, ती म्हणजे तुमच्या मुलांना बोट लागते का आणि चौघांना एका केबिनमध्ये, त्या एवढ्याशा बाथरूमसकट, राहवतं का. हे मुंबईच्या समुद्रावर कळलेलं बरं, मेक्सिकोच्या आखातात कळण्यापेक्षा. केबिन घेताना जहाजाच्या मध्यावरची आणि खालच्या डेकची घ्या, तिथे हलणं कमी जाणवतं, आणि उलटीच्या गोळ्या मुलांच्या डॉक्टरांना विचारूनच.

दीर येऊ शकले नाहीत तर नाही, पण विचारून बघायला काय हरकत आहे.

सासूबाईंबद्दल तुम्ही खूप लिहिलंय, त्यांचं खाणं, गुडघे, त्यांना एकटं कसं ठेवायचं. त्यांना काय हवंय हे मात्र पत्रात कुठे दिसलं नाही मला. त्यांना विचारा. कदाचित त्यांना जहाज नकोच असेल आणि ह्यूस्टनला मुलाच्या घरी दीड महिना राहायचं असेल, मग अडीच वर्षांनी तुम्ही चौघं आणि दिरांच्याकडचे जहाजावर आणि त्या तेवढे दिवस कुणी ओळखीचं सोबत ठेवून घरी, असंही होऊ शकतं. कदाचित उलट असेल आणि त्या सगळ्यांच्या आधी तयार होतील. शाकाहारी जेवण जहाजावर मिळतं, बुकिंग करतानाच लिहून कळवायचं आणि पहिल्या रात्री डायनिंगच्या हेड वेटरला पुन्हा सांगायचं, ते दुसऱ्या दिवसापासून बाजूला करून देतात. थेपले, खाखरे, मेतकूट बरोबर असू द्या, पण जहाजातलं खाणं किंवा फळं घेऊन बंदरावर उतरता येत नाही हे त्यांना आधीच समजावून सांगा.

मुलांना एक खरं सांगून ठेवायला हवं. क्रूझने देश बघून होत नाही, बंदरावर सहा-आठ तास मिळतात. आपल्या बडोद्याच्या माणसाला कॅरिबियन म्हटलं की पहिलं क्रिकेट आठवतं, १९७६ ला किंगस्टनच्या सबिना पार्कवर आपले अंशुमन गायकवाड ८१ वर खेळत असताना कानावर बॉल बसून हॉस्पिटलात गेले, ही गोष्ट दांडिया बाजारातल्या जुन्या माणसांकडून मी कितीदा ऐकलीय. पण जमैकाला जहाज लागतं ते बहुतेक उत्तर किनाऱ्यावर, फालमथसारख्या बंदरात, आणि किंगस्टन पार दक्षिणेला, तेवढ्या वेळात जाऊन येणं फार धावपळीचं. तेव्हा प्रत्येक बंदरात एकच गोष्ट ठरवा. कोझुमेलला उतरलात तर बेटावरच सान हर्वासिओ नावाचे माया लोकांचे अवशेष आहेत, मुलीला ते दाखवा, बाकी वेळ पाण्यात. लांबची सहल करायची असेल तर जहाजाची स्वतःचीच घ्या, ती उशिरा परतली तर जहाज थांबतं, बाहेरून टॅक्सी करून गेलात तर थांबत नाही. ग्रँड केमनला जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या बोटीतून किनाऱ्यावर नेतात, गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते जड जातं. आणि पूलवर प्रत्येक जहाजावर लाइफगार्ड असेलच असं नाही, आठ वर्षांच्या मुलावर घरातल्या एका मोठ्या माणसाची नजर हवी, पाळ्या लावून.

बाकीच्या वाचकांसाठी एक गोष्ट, कारण ट्रॅव्हल एजंट सुद्धा ती विसरतात. दक्षिण कॅरिबियनच्या काही फेऱ्या त्रिनिदाद, कोलंबियाचं कार्ताहेना किंवा पनामाचं कोलोन घेतात. हे पिवळ्या तापाच्या यादीतले देश आहेत. तिथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लसीचं सर्टिफिकेट नसेल तर विमानतळावरून थेट क्वारंटाइनमध्ये जावं लागू शकतं, मुलांसकट. लस एकदाच घ्यायची, ती सरकारने ठरवलेल्या केंद्रांवरच मिळते आणि सर्टिफिकेट दहा दिवसांनी लागू होतं. गॅल्व्हस्टनहून मेक्सिकोच्या फेरीला हा प्रश्न येत नाही. मेक्सिकोला, अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर वेगळा व्हिसाही लागत नाही, पण फेरीतल्या बाकी प्रत्येक देशाचं भारतीय पासपोर्टसाठी काय आहे हे क्रूझ कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्या, फोनवरचं "हो हो चालतं" धरू नका.

दिरांशी तुमच्या नवऱ्याने बोलावं, तुम्ही जावेशी नाही, भावाभावात हे सोपं जातं. त्यांना म्हणावं, "दादा, डिसेंबरला व्हिसाच होत नाहीये, आणि पाच जणांचा खर्च मुलीच्या शिक्षणाच्या पैशातून काढायचा नाहीये आम्हाला. तिची दहावी झाली की मे अखेरीला तुझ्या इथूनच चार रात्रींची करू, आत्तापासून पैसे टाकतोय. या डिसेंबरला तुम्हीच या." आकडा लपवू नका. भावाला आपला महिन्याचा आकडा कळला तर काय होईल याची तुम्हाला धास्ती वाटतेय, पण न सांगितला तर ते आणखी महाग केबिन होल्डवर ठेवतील. ते म्हणाले की पैसे मी भरतो, तर आईचं तिकीट जरूर भरू दे, ती त्यांचीही आई आहे. तुमच्या चौघांचं घेऊ नका.

व्हिसाचं काम मात्र पुढे ढकलू नका, पुढच्या वर्षभरात सवडीने करून घ्या, मुलांच्या परीक्षा नसतील अशा आठवड्यात मुंबईचे दोन दिवस काढून. त्याआधी सगळ्यांचे पासपोर्ट काढून तारखा बघा. मुलांचे पाच वर्षांचेच असतात, तुमच्या धाकट्याचा पहिला पासपोर्ट तान्हेपणी काढला असेल तर तो संपलेला असणार, त्याचं रिन्युअल आपल्या बडोद्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात दिवाळीच्या सुट्टीत उरकून घ्या.